'कम्पोर्ट' कसं वापरायचं: आब राखून वागण्याचं इंग्रजी क्रियापद

गेल्या पावसाळ्यात नारायण पेठेतल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात मुलाखतीचा सराव चालू होता. बीडकडचा एक मुलगा उभा राहिला. पुण्यात येऊन त्याला जेमतेम चार महिने झाले होते. घरच्यांबद्दल सांग म्हटल्यावर तो म्हणाला, "आय कम्पोर्ट माय ग्रँडमदर विथ रिस्पेक्ट." वाक्य आदल्या रात्री पाठ केलेलं होतं, हे आवाजावरून कळत होतं. वर्ग सुटल्यावर त्याने वही दाखवली. निळ्या शाईत इंग्रजी शब्द, त्यापुढे बरोबरीचं चिन्ह आणि चिन्हापुढे दोन मराठी शब्द: वागणे, वागवणे. त्याला सांगायचं होतं, मी आजीला मानाने वागवतो.

त्या बरोबरीच्या चिन्हाने त्याचा घात केला. 'वागणे' आणि 'वागवणे' यांत केवढं अंतर आहे हे आपल्याला मराठीत कुणी शिकवावं लागत नाही, पण तेच अंतर इंग्रजीत उतरवताना पाय घसरतो. मराठी माध्यमातून शिकून पुण्यात अभ्यासाला आलेली मुलं-मुली हा शब्द इंग्रजी अग्रलेखात, न्यायालयाच्या बातमीत किंवा परीक्षेच्या शब्दयादीत पहिल्यांदा पाहतात आणि 'बिहेव्ह'चा भारदस्त भाऊ समजून वापरायला घेतात. तो भाऊ आहे खरा, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. तो स्वभाव कळावा म्हणून मी वर्गात ज्या क्रमाने शिकवतो, त्याच क्रमाने इथे लिहितो आहे.

आधी तोंडात बसवा

स्पेलिंग सी-ओ-एम-पी-ओ-आर-टी. उच्चार 'कम्पोर्ट'. पहिलं अक्षर 'कॉ' असं तोंड उघडून म्हणायचं नाही. 'कमळ'मधला 'क' जेवढा हलका, त्याहूनही हलका ठेवायचा, आणि सगळा जोर 'पोर्ट'वर टाकायचा. आपल्याला इंग्रजी शब्दाची सगळी अक्षरं सारख्या जोराने म्हणायची सवय असते, म्हणून हे मुद्दाम करावं लागतं. जोर पहिल्या अक्षरावर गेला की ऐकणाऱ्याला 'कम्फर्ट' ऐकू येतं, म्हणजे दिलासा देणं किंवा आराम. "मी दुःखात स्वतःला सावरून वागलो" असं सांगायला जावं आणि समोरच्याने "मी स्वतःचं सांत्वन केलं" असं ऐकावं, हा घोटाळा मी वर्गात अनेकदा पाहिला आहे.

नाम होतं 'कम्पोर्टमेंट'. याला 'कम्पार्टमेंट' म्हणू नका. तो रेल्वेचा डबा.

मोबाइलवर टाइप करतानाही लक्ष ठेवा, फोन हा शब्द परस्पर 'कम्फर्ट' करून टाकतो. इंटरनेटवर नुसता शब्द शोधलात तर संगणकाला यंत्रं जोडण्याच्या 'कॉम पोर्ट'ची माहिती समोर येते. म्हणून शोधताना शब्दापुढे 'वनसेल्फ' किंवा 'व्हर्ब' जोडा, म्हणजे थेट अर्थावर जाल.

मूळ पाहा: ओझं वागवणं

इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्त्या पाठ करण्याचा मी आग्रह धरत नाही. या एका शब्दापुरता मात्र धरतो, कारण व्याकरणाची निम्मी किल्ली तिथेच आहे.

लॅटिनमध्ये 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणं. पुणे स्टेशनवर लाल सदऱ्यातला हमाल डोक्यावर दोन बॅगा आणि खांद्याला तिसरी घेऊन जिना चढतो, त्याला इंग्रजीत 'पोर्टर' म्हणतात तो याच धातूवरून. इम्पोर्ट म्हणजे आत वाहून आणणं, एक्स्पोर्ट म्हणजे बाहेर नेणं, ट्रान्सपोर्ट म्हणजे पलीकडे नेणं, पोर्टेबल म्हणजे सोबत नेता येण्याजोगं. 'कॉम' हा उपसर्ग 'एकत्र, सोबत' असा. म्हणजे मूळ अर्थ एकत्र वाहून आणणं. फ्रेंचमध्ये 'वागणे' यासाठी रोजच्या बोलण्यातलं क्रियापद आजही हेच आहे, आणि ते तिथेही 'स्वतःला' या अर्थाचा शब्द घेऊनच येतं. पुण्यात अकरावी-बारावीला गुणांसाठी फ्रेंच घेणारी बरीच मुलं असतात. त्यांना हा शब्द लवकर समजतो, तो याच कारणाने.

आता मराठीकडे या. "नऊ महिने पोटात वागवलं." "अंगावर पाच तोळे सोनं वागवत एवढ्या गर्दीत कशाला जायचं?" "हे दप्तराचं ओझं पोरगं किती दिवस वागवणार?" या तिन्ही वाक्यांत 'वागवणे' म्हणजे वाहणे, जवळ बाळगणे. आणि "सासूने सुनेला लेकीसारखं वागवलं" यात तेच क्रियापद माणसाशी केलेल्या व्यवहाराबद्दल बोलतं. वाहणं आणि वागणं यांची जवळीक आपल्या भाषेच्या कानाला ओळखीची आहे. त्यामुळे इंग्रजीत 'वाहून नेणे'पासून 'वागणे' कसं निघालं, हे मराठी माणसाला पटवून द्यावं लागत नाही.

फरक इथे आहे. मराठीत आपण सुनेला वागवतो, आजीला वागवतो, पाहुण्याला वागवतो. 'कम्पोर्ट'मध्ये दुसऱ्या कुणाला उचलायची सोयच नाही. तिथे माणूस फक्त स्वतःला वाहून नेतो. ओझंही तोच आणि हमालही तोच. बीडच्या त्या मुलाला एवढं सांगितलं, आणि त्याने वहीतला 'वागवणे' हा शब्द स्वतःच खोडला. दुसऱ्याला वागवण्यासाठी इंग्रजीत साधं 'ट्रीट' आहे.

वाक्याचा साचा

साचा असा: कोण, मग कम्पोर्ट, मग त्या 'कोण'चं 'सेल्फ', आणि शेवटी कसं.

"शी कम्पोर्टेड हरसेल्फ वेल." ती शोभेसं वागली.

"द प्लेअर्स कम्पोर्टेड देमसेल्व्हज विथ ग्रेस आफ्टर द डिफीट." हरल्यानंतरही खेळाडू उमदेपणाने वागले.

या चार भागांपैकी मराठी माणसाच्या हातून हमखास गळतो तो तिसरा. "तो चांगला वागला" या वाक्यात कर्म नाही, म्हणून आपण सरळ "ही कम्पोर्टेड वेल" लिहून मोकळे होतो. हे चुकीचं आहे. 'बिहेव्ह'ला असं एकटं उभं राहता येतं, 'कम्पोर्ट'ला येत नाही. यावर मी मुलांना एक आधार देतो. 'वागला' हा शब्द मनातून काढा आणि त्या जागी 'स्वतःला सावरलं' किंवा 'स्वतःला सांभाळलं' ठेवा. मराठीत 'सावरणे'ला 'स्वतःला' लागतं, मग तेच 'स्वतःला' इंग्रजीत आपोआप 'हिमसेल्फ' होऊन येतं. हा आधार सुरुवातीचे पंधरा दिवस घ्या, नंतर लागत नाही.

चौथा भागही गाळता येत नाही. "ही कम्पोर्टेड हिमसेल्फ" एवढ्यावर थांबलात तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. कसा वागला ते सांगायलाच हवं. 'बिहेव्ह'चं इथेही वेगळं आहे. लहान मुलाला "बिहेव्ह युअरसेल्फ" एवढंच म्हटलं तरी "नीट वाग" असा अर्थ पुरा होतो.

'कसं' सांगायच्या तीन वाटा आहेत. एक, क्रियाविशेषण: वेल, ॲडमिरेबली, बॅडली. इथे 'बॅड' चालत नाही, 'बॅडली' हवं. दुसरी वाट 'विथ' आणि गुणाचं नाव: विथ डिग्निटी म्हणजे आब राखून, विथ रिस्ट्रेंट म्हणजे संयमाने, विथ ग्रेस म्हणजे उमदेपणाने. तिसरी, लांबलचक पण कायद्याच्या भाषेत आवडती: 'इन अ मॅनर बिफिटिंग' आणि पुढे पद किंवा प्रसंग, म्हणजे अमुक पदाला शोभेल अशा रीतीने. हिचं उदाहरण पुढे येतंच आहे.

'ही वॉज कम्पोर्टेड' असं कर्मणी रूप करू नका. स्वतःच स्वतःला नेणारं क्रियापद आहे, त्यामुळे कुणाकडून काही होण्याचा प्रश्न येत नाही.

कधी वापरायचं

साचा आठवड्याभरात बसतो. अवघड आहे ते कधी वापरायचं हे ओळखणं, आणि माझ्या मते शिकणाऱ्याने सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यावा.

आपल्या देशातलं सर्वांत चांगलं उदाहरण वकिलांच्या नियमांत आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलांच्या व्यावसायिक आचरणाचे नियम केले. त्यांच्या प्रास्ताविकातच हे क्रियापद येतं: वकिलाने सदैव 'कम्पोर्ट हिमसेल्फ इन अ मॅनर बिफिटिंग हिज स्टेटस', म्हणजे न्यायालयाचा अधिकारी, समाजातला विशेष स्थान असलेला घटक आणि सभ्य गृहस्थ या आपल्या स्थानाला शोभेल असं वागावं. पुढे असंही म्हटलं आहे की जे इतर माणसासाठी कायदेशीर आणि नीतीला धरून असेल, तेही वकिलाला अशोभनीय ठरू शकतं. ही पुढची ओळ मला फार मोलाची वाटते. चोरी न करणं म्हणजे कायद्याने वागणं झालं. 'कम्पोर्ट' त्याच्या एक पायरी वर आहे. तिथे प्रश्न असतो की हे तुला, तुझ्या जागेवर बसलेल्या माणसाला, शोभतं का.

लॉ कॉलेज रस्त्यावरून वही घेऊन येणाऱ्या मुलामुलींना मी हे प्रास्ताविक मुळातून वाचायला सांगतो. त्यांना परीक्षेसाठी ते वाचावंच लागतं, तेव्हा एका दगडात दोन कामं होतात.

यावरून कसोटी निघते. मराठीत त्या जागी 'शोभेसं वागणे' किंवा 'आब राखून वागणे' म्हणता येत असेल, तर इंग्रजीत 'कम्पोर्ट' बसेल. नुसतं 'वागणे' पुरत असेल, तर 'बिहेव्ह' पुरे. शोभण्याचा प्रश्न केव्हा येतो? माणूस कुठल्या तरी पदावर असतो, किंवा प्रसंग कठीण असतो, आणि चार डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. पराभव, अंत्यविधी, उलटतपासणी, मुलाखत, भर सभेत झालेला अपमान. असे प्रसंग हे या क्रियापदाचं घर.

पुण्यातलं उदाहरण घ्या. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. तेवढ्यात मागून रुग्णवाहिकेचा आवाज येतो. ढोल थांबतात, मंडळाचे कार्यकर्ते हाताची साखळी करतात, गर्दी दोन बाजूंना सरते आणि गाडी निघून जाते. या कार्यकर्त्यांबद्दल लिहिताना 'दे बिहेव्ह्ड वेल' लिहिलं तर ती शाळेतल्या मुलांना दिलेली शाबासकी वाटते. 'दे कम्पोर्टेड देमसेल्व्हज ॲडमिरेबली' लिहिलं की त्यांच्यावर जबाबदारी होती आणि ती त्यांनी शोभेशी पेलली, हे वाक्यात येतं.

आणि आता त्या मुलाची आजी. 'ट्रीट' आणि 'कम्पोर्ट' यांतला फरक समजल्यावर मी त्याला म्हटलं, आजीला कर्म करू नकोस, कर्ता करून बघ. तू तिच्याशी कसा वागतोस ते राहू दे, ती कधी आब राखून वागलेली तू पाहिली आहेस का? तो जरा वेळ गप्प राहिला, मग सांगू लागला.

आजोबा गेल्यावर जमिनीवर वारसनोंद लावायची होती. आजी त्याला घेऊन एका कचेरीत गेली. तिसरी खेप होती. बसायला बाक नव्हता, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली. नंबर आला तेव्हा खिडकीमागचा माणूस चारचौघांत मोठ्याने म्हणाला, "तुम्हाला वाचता येत नाही का?" मुलगा पुढे सरसावला. आजीने त्याच्या मनगटावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "नाही येत वाचता, साहेब. म्हणून तर तुमच्याकडं आले. कोणता कागद कमी पडतोय तेवढा सांगा." त्या माणसाने मान खाली घातली आणि लागणाऱ्या कागदांची यादी एका चिठ्ठीवर लिहून दिली. आजीने ती चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली, "येते" म्हणाली आणि निघाली.

त्या रात्री त्याने वहीत लिहिलं, "माय ग्रँडमदर कम्पोर्टेड हरसेल्फ विथ डिग्निटी ॲट द काउंटर." वाक्यातला एक शब्दही बदलायची गरज नव्हती. पदाचा प्रश्न आला की मुलांना साहेब आणि वकील आठवतात, म्हणून मी हे उदाहरण त्याच्या परवानगीने आता प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. त्या बाईंकडे कुठलं पद नव्हतं. प्रसंग होता, बघणारे होते, आणि त्यांनी स्वतःला सावरून नेलं.

कधी टाळायचं

कट्ट्यावर मित्राशी बोलताना टाळा, तिथे शब्द कृत्रिम वाटतो. लहान मुलाला दटावताना टाळा. "यंत्र नीट वागत नाही", "हवा विचित्र वागते आहे" अशा ठिकाणी 'बिहेव्ह'च, कारण यंत्राला आब नसतो. कुत्र्या-मांजराबद्दलही नको. एका अर्जात किंवा निबंधात हा शब्द एकदाच येऊ द्या, दुसऱ्यांदा आला की वाचणाऱ्याला तो मुद्दाम पेरल्यासारखा दिसतो.

स्वतःच्या तोंडाने स्वतःबद्दलही जपून. मुलाखतीत "आय कम्पोर्टेड मायसेल्फ विथ डिग्निटी" म्हणणं म्हणजे "मी मोठ्या आबदारपणे वागलो" असं आपणच सांगणं. मराठीत ते कानाला जसं लागतं तसंच इंग्रजीतही लागतं. स्वतःबद्दल बोलताना 'आय स्टेड काम', मी शांत राहिलो, एवढं पुरतं. कौतुकाचा शब्द दुसऱ्यासाठी ठेवा.

सोयरे शब्द

'कंडक्ट वनसेल्फ' हा सर्वांत जवळचा. मघाच्या वकिलांच्या नियमांत तोही आहे: न्यायालयापुढे बाजू मांडताना वकिलाने 'कंडक्ट हिमसेल्फ विथ डिग्निटी अँड सेल्फ-रिस्पेक्ट'. म्हणजे एकाच प्रकरणात दोन्ही क्रियापदं नांदतात. मला वाटणारा फरक असा: 'कंडक्ट'मध्ये नियमाला धरून चालण्याकडे ओढा अधिक, 'कम्पोर्ट'मध्ये शोभण्याकडे. कंडक्टच्या मुळाशी 'सोबत घेऊन चालणे, वाट दाखवणे' आहे. कचेरीतल्या कागदपत्रांत, शिस्तभंगाच्या नोटिशीत 'कंडक्ट' आणि 'मिसकंडक्ट' हेच चालतात. तिथे 'कम्पोर्ट' घालायला जाऊ नका.

'अक्विट वनसेल्फ' म्हणजे अंगावर आलेलं काम निभावून नेणं. वादविवाद स्पर्धेत ऐनवेळी उभं राहावं लागलेल्या मुलीने चांगलं भाषण केलं, तर 'शी अक्विटेड हरसेल्फ वेल'. यात कामगिरी मोजली जाते, वागणं नाही. तीच मुलगी हरल्यावर विजेतीशी हसतमुखाने हात मिळवते, तेव्हा 'कम्पोर्ट'.

'डिपोर्ट' म्हणजे देशाबाहेर काढणं हे बातम्यांतून सर्वांना माहीत असतं. पण जुन्या इंग्रजीत 'डिपोर्ट वनसेल्फ' म्हणजेही वागणं, आणि त्यातून आलेलं 'डिपोर्टमेंट' हे नाम चालण्या-बसण्याच्या रीतीबद्दल अजून वापरतात. वाचलंत तर दचकू नका. लिहायची गरज नाही.

'डिमीन'ची गोष्ट मात्र जरा थांबून ऐकण्यासारखी. 'डिमीनर' म्हणजे चेहऱ्यावर-हालचालीत दिसणारं वागणं, हा शब्द साक्षीदारांच्या संदर्भात नेहमी येतो. तो ज्या क्रियापदावरून आला, त्या जुन्या 'डिमीन'चा अर्थ वागणे असाच होता. आजचं 'डिमीन', म्हणजे कमीपणा आणणं, हे वेगळं क्रियापद. ते 'मीन' या हलकेपणाच्या शब्दावरून झालं. त्यामुळे आज 'ही डिमीन्ड हिमसेल्फ' लिहिलंत तर वाचणारा 'त्याने स्वतःची किंमत घालवली' असंच समजेल, म्हणजे 'कम्पोर्ट'च्या बरोबर उलट. या एका जागी चूक महाग पडते.

आणि रोजच्या बोलण्यासाठी 'कॅरी वनसेल्फ' आहे, तेही वाहणंच. पण त्यात उभं राहणं, चालणं, देहबोली यांचा भाग जास्त असतो.

'सेल्फ' नाही, 'विथ' आहे

हे क्रियापद एका वेगळ्याच कामालाही लागतं, आणि न्यायालयाच्या बातम्या वाचणाऱ्याला ते ओळखता यायला हवं. 'कम्पोर्ट विथ' म्हणजे जुळणं, सुसंगत असणं, धरून असणं. "द ऑर्डर डझ नॉट कम्पोर्ट विथ द रूल्स." आदेश नियमांना धरून नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत हा प्रयोग वारंवार दिसतो, अमुक कार्यवाही न्याय्य वागणुकीच्या तत्त्वाशी जुळते की नाही, अशा वाक्यांत. आपल्या 'बोले तैसा चाले'चं इंग्रजी करायचं झालं तर 'हिज डीड्स कम्पोर्ट विथ हिज वर्ड्स' हे छान बसतं.

दोन अर्थ वेगळे कसे ओळखायचे? 'विथ' दिसला म्हणजे लगेच 'जुळणे' असं समजू नका, कारण 'विथ डिग्निटी'मध्येही 'विथ' आहेच. क्रियापदाच्या लगेच मागे काय आलं ते बघा. 'हिमसेल्फ', 'हरसेल्फ' आला तर वागणं. थेट 'विथ' आला तर जुळणं. कर्त्यावरूनही कळतं. वागणारा माणूस असतो, आणि जुळणारी गोष्ट असते: आदेश, निर्णय, दावा, कृती, हिशेब.

कोश आणि सराव

अप्पा बळवंत चौकात कोश घ्यायला जाल तेव्हा नुसते अर्थ देणारा खिशातला कोश घेऊ नका. शिकणाऱ्यांसाठी केलेला, उदाहरणवाक्यं देणारा कोश घ्या. जुना मिळाला तरी चालेल, ही क्रियापदं दहा-वीस वर्षांत बदलत नाहीत. विकत घेण्याआधी दुकानातच हा शब्द उघडून बघा. शब्दाशेजारी 'युअरसेल्फ' किंवा 'वनसेल्फ' छापलेलं असेल आणि 'फॉर्मल' अशी खूण असेल, तर तो कोश कामाचा. ज्या कोशात नुसतं 'वागणे' असेल, तो तुम्हाला पुन्हा त्या बरोबरीच्या चिन्हाकडे नेईल.

सरावासाठी रविवारचं मराठी वर्तमानपत्र आणि एक पेन्सिल घ्या. वर्तन, वागणूक, वागला, वागले हे शब्द जिथे दिसतील तिथे खूण करा, आणि प्रत्येक खुणेपुढे कुठलं इंग्रजी क्रियापद येईल ते समासात लिहा. 'कैद्यांना अमानुष वागणूक' असेल तर ट्रीट. 'कर्मचाऱ्याचे गैरवर्तन' असेल तर मिसकंडक्ट. 'बाजाराचे अनपेक्षित वर्तन' असेल तर बिहेव्ह. 'टीका होऊनही संयमाने वागले' असेल तिथे कम्पोर्ट, आणि लगेच 'हिमसेल्फ' की 'देमसेल्व्हज' तेही लिहून टाका. अर्ध्या तासात दहा-बारा खुणा होतात. त्यांत 'कम्पोर्ट' एखाद्या-दुसऱ्याच ठिकाणी येईल. तसंच यायला हवं.

मग ही पाच वाक्यं उत्तर झाकून इंग्रजीत करा.

शहीद जवानाच्या वडिलांनी अंत्यदर्शनाच्या वेळी विलक्षण धीराने स्वतःला सावरलं. (द फादर कम्पोर्टेड हिमसेल्फ विथ ग्रेट करेज.)

उलटतपासणीत साक्षीदार शांतपणे वागली. (द विटनेस कम्पोर्टेड हरसेल्फ कामली. इथे 'बिहेव्ह्ड' व्याकरणाने चुकणार नाही, पण प्रसंगाचं वजन जाईल.)

समितीचा निर्णय घटनेला धरून नव्हता. (द कमिटीज डिसिजन डिड नॉट कम्पोर्ट विथ द कॉन्स्टिट्यूशन. 'सेल्फ' लावलात तर चूक.)

पोरं आज फार शहाण्यासारखी वागली. (द चिल्ड्रन बिहेव्ह्ड व्हेरी वेल टुडे. 'कम्पोर्ट' नको.)

मी आजीला मानाने वागवतो. (आय ट्रीट माय ग्रँडमदर विथ रिस्पेक्ट.)